काही होत नाही

माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मी आयुष्यभर एकच वाक्य सांगत आलो. कानाला जरा ब्लेड लागलं, काही होत नाही. केस हवे त्यापेक्षा जास्त गेले, काही होत नाही, महिन्याभरात येतील. टक्कल पडायला लागलं, काही होत नाही साहेब, उलट रुबाबदार दिसता. न्हाव्याच्या हातात वस्तरा असतो आणि गिऱ्हाइकाचा गळा उघडा असतो. अशा वेळी दोघांपैकी एकाने तरी निर्धास्त असल्याचं सोंग करावं लागतं. मी ते इतकी वर्षं केलं की पुढे ते सोंग राहिलंच नाही. घरीही तेच. लेक पडली, गुडघा फुटला, काही होत नाही. बायको म्हणते, घराला आग लागली तरी हा माणूस आधी काही होत नाही म्हणेल आणि मग बादली शोधायला उठेल.

या वाक्यापायी माझ्या लेकीचं नर्स होणं अडलं होतं. ते मला कळलं माझ्याच दुकानात, भर गर्दीत, तोंडाला फेस लावून बसलेल्या मास्तरांच्या देखत.

लेकीला आम्ही ठकी म्हणतो. ठकीने नर्सिंगचा कोर्स चांगल्या मार्कांनी पुरा केला. पण नुसत्या कोर्सने कोणी नर्स होत नाही, परवान्याची परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर असते आणि तीनदाच देता येते. तिसऱ्यांदाही नापास झालं की कोर्स पुन्हा पहिल्यापासून. ठकी दोनदा नापास झाली होती. तोवर हॉस्पिटलने तिला मदतनीस म्हणून ठेवलं होतं, चादरी बदलायला आणि ट्रे न्यायला. तिथल्या मोठ्या सिस्टरने स्पष्ट सांगितलं होतं की यावेळी पास झालीस तर नर्सची जागा तुझी, नाहीतर ती दुसरीला जाईल. दोन्ही वेळा ठकी रडत घरी आली तेव्हा मी काय म्हणालो असेन ते वेगळं सांगायला नको.

आमच्या वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम निघालं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती प्रश्नांचं जाडजूड पुस्तक घेऊन दुकानात येऊन बसायला लागली. गिऱ्हाइकांच्या बाकावर, एका कोपऱ्यात. सुरुवातीला मनातल्या मनात वाचायची. पण दाढीच्या दुकानात मनातल्या मनात काही करायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरसाहेबांनी, म्हणजे आमच्या रस्त्यावरून बस नेतात त्यांनी, तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "मोठ्याने वाच की. आम्हालाही कळू दे." त्या दिवसापासून दुकानातला रेडिओ बंद झाला.

"नाकातून रक्त येतंय. पेशंटला कसं बसवाल?" ठकीने विचारलं.

"मान मागे!" बाकावरचे सगळे एका सुरात.

मीही. आमच्या धंद्यात जवळजवळ सगळ्याच प्रश्नांचं उत्तर मान मागे हे असतं.

"चूक. मान पुढे, नाकाची मऊ बाजू चिमटीत धरायची. मान मागे केली तर रक्त घशात जातं."

"माझ्या आईने जन्मभर मागे केली," ड्रायव्हर म्हणाले.

"आणि तरी तुम्ही जगलात," मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. एक दिवसाआड दाढीला येतात आणि दाढी झाली तरी उठत नाहीत.

पुढचा प्रश्न आला. चार पेशंट आहेत. एक जेवण उशिरा आलं म्हणून ओरडतोय, एकाला घरी जायचे कागद हवेत, एकीला खिडकी उघडून हवीय, आणि कालच ऑपरेशन झालेला एक मघापर्यंत नीट बोलत होता, तो आता उगाच चुळबुळ करतोय आणि दिवस कुठला तेही सांगू शकत नाही. आधी कुणाकडे जाल? दुकानाने एकमुखाने ओरडणाऱ्याला निवडलं, कारण आमच्याकडे तसंच चालतं. तेही चूक, आधी जायचं ते चुळबुळ करणाऱ्याकडे. मग आम्ही हुशार झालो आणि प्रत्येक प्रश्नाला "डॉक्टरांना बोलवा" म्हणायला लागलो. तेही बहुतेक वेळा चूकच निघायचं. नर्सने आधी स्वतः बघायचं, तपासायचं, आणि मग बोलवायचं म्हणे.

"म्हणजे पुस्तकातला डॉक्टरही जागेवर सापडत नाही," मास्तर म्हणाले. "खऱ्यासारखंच लिहिलंय."

सगळे हसले. ठकीही हसली, पुष्कळ दिवसांनी. मला बरं वाटलं. आणि नेमका त्याच वेळी तो प्रश्न आला.

"पेशंटचं उद्या ऑपरेशन आहे. तो नर्सला म्हणतो, सिस्टर, मी यातून उठेन ना? नर्सने काय म्हणावं? एक, हे डॉक्टरांनाच विचारा. दोन, काळजी करू नका, काही होत नाही. तीन, तुम्हाला भीती वाटतेय, मनात काय येतंय ते सांगा मला. चार, एवढे का घाबरता?"

"दोन!" मी सगळ्यांच्या आधी म्हणालो. प्रश्न वाचून होण्याच्या आतच म्हणालो असेन. बाकही दोनच म्हणाला. ठकीनेही पेन्सिलीने दोनवरच खूण केली होती.

तिने पुस्तकाच्या शेवटी असलेलं उत्तरांचं पान काढलं. उत्तर तीन. मग तिने आधी सोडवलेली पानं भराभर उलटली, आणखी उलटली, आणि तिचा चेहरा लाल व्हायला लागला.

"बाबा."

"काय गं?"

"माझ्या चुकलेल्या उत्तरांतली अर्धी एकाच जातीची आहेत. जिथे जिथे पेशंट घाबरलेला आहे, तिथे तिथे मी एकच पर्याय घेतलाय. काही होत नाही." तिने पुस्तक मिटलं. "परीक्षेतही तेच केलं असणार. दोन्ही वेळा. बाबा, मी तुमच्यामुळे नापास होतेय!"

माझा वस्तरा मास्तरांच्या गालावर तसाच थांबला.

"काही हो..." मी सुरुवात केली, आणि बाकावरचे सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी वाक्य गिळलं.

"याला खोटा धीर म्हणतात," ठकी म्हणाली. "पुढे काय होणार ते नर्सला माहीत नसतं. आणि काही होत नाही म्हटलं की पेशंटचं बोलणंच खुंटतं. त्याला काय सांगायचं होतं ते त्याच्या पोटातच राहतं."

"मग बोलायचं तरी काय?" मी जरा चिडूनच विचारलं.

"त्याला काय वाटतंय ते ओळखायचं, आणि ऐकायचं."

"मला वाटतंय," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "की माझा फेस वाळतोय."

त्या दिवसापासून घरात आणि दुकानात माझ्या वाक्यावर बंदी आली. नुसतं ऐकूनसुद्धा सवय लागते, असं ठकीचं म्हणणं, त्यामुळे परीक्षेपर्यंत ते तिच्या कानावर पडायचं नाही. बायकोने बंदीची अंमलबजावणी स्वतःकडे घेतली. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायची संधी ती कशी सोडेल?

"अहो, दूध उतू गेलं."

"काही..."

"हं?"

"तुला... तुला त्रास झालेला दिसतोय. बोल. मी ऐकतोय."

"ऐकताय ना? मग ओटा पुसा."

दुकानात तर नाकी नऊ आले. ड्रायव्हर खुर्चीत बसले होते, गळ्यापर्यंत फडका, हनुवटीखाली फेस. त्यांनी एक सुस्कारा टाकला. एरवी मी माझं नेहमीचं वाक्य म्हणालो असतो. पण बाकावरून ठकीची नजर होती. मी त्यांच्या गळ्यावर वस्तरा टेकवला आणि शक्य तेवढ्या मायेने म्हणालो, "तुम्हाला भीती वाटतेय असं दिसतंय."

"आता वाटतेय!" ड्रायव्हर खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाले.

मी वस्तरा खाली ठेवला. पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून गप्प उभा राहिलो. न्हावी गप्प राहिला हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. आरशात बघत त्यांनी बोलायला सुरुवात केली. डोळ्यांची तपासणी आली होती. उजव्या डोळ्याने अंधुक दिसत होतं. बसवरून उतरवलं आणि ऑफिसात बसवलं तर आपण दिवसभर करायचं काय, याने त्यांना झोप लागत नव्हती. हे सगळं ते मला याआधी दोनदा सांगायला निघाले होते आणि दोन्ही वेळा मी काय म्हणालो होतो ते त्यांनी मला ऐकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगला माणूस, वर्षानुवर्षं माझ्यापुढे मान मागे करून बसतो, आणि मी त्याचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

पण चांगुलपणाला दुकान चालवावं लागत नाही. ड्रायव्हरांनी बाहेर जाऊन काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून लोक दाढीसाठी नव्हे तर बोलण्यासाठी यायला लागले. एकाची सून बोलत नव्हती. एकाला निवृत्तीची धास्ती होती. एक जण अर्धी दाढी झाल्यावर रडायला लागला आणि फेस वाहून गेला, तो मी पुन्हा लावला. एका दाढीला पाऊण तास! समोरचा न्हावी दारात उभा राहून माझ्याकडे ताटकळून उठलेलं गिऱ्हाईक हसत हसत आत घ्यायचा. मी ठकीला म्हणालो, "पोरी, तू लवकर पास हो, नाहीतर मला तुझ्या हॉस्पिटलात चादरी बदलायला यावं लागेल."

ठकी मात्र सुधारत होती. आता ती असा प्रश्न आला की दुसऱ्या पर्यायावर काट मारूनच पुढे वाचायची.

परीक्षेच्या सकाळी मी दुकान बंद ठेवलं आणि तिला पोचवायला गेलो. मोठी काचेची इमारत, दारात पहारेकरी. आत घड्याळ न्यायचं नाही, साखळी नाही, केसांच्या पिनासुद्धा नाहीत. ठकीने एकेक वस्तू काढून माझ्या ओंजळीत ठेवली. मोकळ्या केसांत ती एकदम शाळेतल्यासारखी दिसायला लागली.

"बाबा, मला जमेल ना?"

मी याची तयारी केली होती. रस्ताभर ओठांतल्या ओठांत घोकत आलो होतो. "तुला भीती वाटतेय," मी म्हणालो. "तिसरी वेळ आहे, वाटणारच. काय येतंय मनात ते सांग. मी इथेच आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"बरोबर. पूर्ण मार्क," ती म्हणाली. "आता चुकीचं उत्तर द्या."

"काय?"

"द्या ना, बाबा. एकदाच. लवकर, दार बंद होईल."

आणि मला ते येईना! जे वाक्य मी झोपेतही बोलायचो, तेच! कारण महिनाभर मी लोकांचं ऐकलं होतं, आणि माणसांना काही ना काही होतं, बरंच काही होतं, हे आता मला पक्कं ठाऊक झालं होतं. ही नापास होऊ शकत होती. चार वर्षं पाण्यात जाऊ शकत होती. पहारेकरी दारावर हात ठेवून आमच्याकडे बघत होता.

"काही होत नाही गं, ठके," मी कसंबसं म्हणालो. आवाज फाटला. इतकं खोटं ते मी आजवर कधी म्हटलं नव्हतं, आणि इतकं मनापासूनही नाही.

ती खुदकन हसली आणि आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा मी पिना मोजून मोजून वाकड्या करून ठेवल्या होत्या. "कशी गेली? झालं ना नीट? पास होशील ना?" मी तिला पायरीही उतरू दिली नाही.

तिने माझा हात धरून मला कठड्यावर बसवलं. "बाबा, तुम्हाला खूप काळजी वाटतेय."

"अगं, वाटतेय म्हणूनच तर विचारतोय! उत्तर दे!"

"मी ऐकतेय. बोला."

माझं असं डोकं फिरलं म्हणता! घरी पोचेपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

निकाल आला तेव्हा मी दुकानात होतो. ठकी फोन हातात धरून धावत आत शिरली आणि दारातच थांबली. मास्तर खुर्चीत होते, ड्रायव्हर नवा चष्मा लावून बाकावर. तिने फोन माझ्यापुढे धरला, पण माझ्या डोळ्यांपुढे सगळं विरघळलेलं. शेवटी ड्रायव्हरांनी फोन हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि मोठ्याने वाचलं, "पास!" मास्तर फेसासकट उठले. समोरचा न्हावीसुद्धा कातर घेऊन बघायला आला.

गडबड जरा ओसरल्यावर ठकी बाकावर माझ्याशेजारी बसली.

"बाबा, तो प्रश्न आला होता. अगदी शेवटी. उद्या ऑपरेशन आहे, एक आजोबा विचारतात, मी यातून उठेन ना. चार पर्याय."

"मग?"

"दुसऱ्या पर्यायात तुम्ही होतात. अगदी तुमच्याच आवाजात. खोटा का होईना, मला धीर आला बघा."

"आणि मग काय केलंस?"

"तुम्हाला तिथेच बसू दिलं," ती म्हणाली, "आणि तिसरा दाबला."