दोन नावांचा तमगा

मी एक जुना तमगा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो की मी भित्रा आहे. तुम्ही म्हणाल, लोकांच्या छातीवर मिरवणाऱ्याने कसले भ्यायचे? पण मिरवतो तो माणूस. मी नुसता टाचणीला लोंबतो आणि टाचणी निसटेल की काय या धास्तीत दिवस काढतो. चांदी हवेने काळी पडते असे लोक म्हणतात. माझ्यापुरते विचाराल तर ती काळजीने काळी पडते.

माझा जन्म हैदराबादेत झाला, निजाम सरकारच्या अमलात. आपला बीड जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. चांदीची चकती कापून मला ठशाखाली घातले आणि वरून एकच दणका दिला. तो दणका अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. कुठे जरा भांडे आपटले तरी मी दचकतो.

आम्हा खिदमतीच्या तमग्यांचे तीन दर्जे होते. अव्वल दर्जाचा तमगा सोन्याचा, तो अमीर-उमरावांना. दुय्यम दर्जाला चांदीवर सोन्याचा मुलामा, तो अंमलदारांना. आणि सोयम, म्हणजे तिसऱ्या दर्जाचा, साध्या चांदीचा, तो रयतेतल्या माणसाला. मी सोयम. सोन्याचे भाऊ मखमलीत निजले आणि आम्हाला पेटीत गवतावर टाकले. मला त्याचे वाईट वाटले नाही. जो उंच चढतो त्याला पडायची भीती जास्त, हे मी तेव्हाच ओळखले होते.

धडकी भरली ती नियमांनी. पेटी बंद करण्याआधी मुनशीने ते मोठ्याने वाचले आणि मी घाबरून सगळे पाठच करून टाकले. तमगा ज्याच्या नावाचा त्यानेच लावायचा. बायकोने नाही, भावाने नाही. दरबारात लावायचा तोही डोक्याला दस्तार, म्हणजे दरबारी पागोटे, आणि कमरेला बगलूस, म्हणजे दरबारी पट्टा असेल तरच. गहाण टाकायचा नाही, विकायचा नाही, मोडायचा नाही. वरचा दर्जा मिळाला की खालचा तमगा परत. धनी मेला की तमगा कचेरीत परत. जागा ठरलेल्या, त्यामुळे एक रिकामी झाल्याशिवाय दुसऱ्याला तमगा मिळायचा नाही. माझ्या पाठीवर तर कोरूनच ठेवले होते, 'सरकारची अमानत'. अमानत म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. मागितली की मुकाट्याने परत करायची.

माजलगाव तालुक्याच्या वाट्याला सोयम दर्जाची एकच जागा आली होती. ती शहादेव भोयाला मिळाली.

त्याचे असे झाले. सिंदफणेला पूर आला आणि नदीकाठची आळी पाण्यात सापडली. माणसे छपरांवर आणि झाडांवर चढून बसली. शहादेव सांगड घेऊन पाण्यात उतरला. वाळलेले भोपळे दोरीने एकत्र बांधले की ते तरंगतात. त्यावर म्हातारीकोतारी, लेकरेबाळे बसवून ओढत आणायची, ही भोयांची नेहमीची रीत. पण पुरात सांगड एकट्याने चालत नाही. तिला लांब दोर बांधतात आणि तो काठावर कोणीतरी धरून ठेवावा लागतो. तो दोर शहादेवचा लहानपणापासूनचा जोडीदार म्हाळू याने धरला होता. बाभळीच्या बुंध्याला पाय लावून तो दिवसभर तसाच उभा राहिला. तळहातांची सालटी निघाली तरी त्याने दोर सोडला नाही.

तहसीलदारसाहेब घोड्यावरून पाहत होते. पाण्यातला माणूस साऱ्यांना दिसतो. बाभळीमागचा कोणाला दिसतो?

निजाम सरकारच्या वाढदिवसाला तहसील कचेरीत भरणाऱ्या दरबारात मला शहादेवच्या अंगावर लावायचे ठरले. आता उभा जन्म लंगोटीवर नदीत काढलेल्या माणसाकडे दस्तार आणि बगलूस कुठून येणार? कचेरीतले पेशकार मोहनराव भले गृहस्थ होते. त्यांनी स्वतःची दिली. दस्तार शहादेवच्या भुवयांवर उतरत होती. ही आता पडणार, नियम मोडणार आणि मी परत गवतात जाणार, अशी मला खात्रीच वाटली. दस्तार पडली नाही. पण शहादेवने त्याहून भयंकर गोष्ट केली. तो बोलला.

"सायेब, दोर म्हाळूच्या हातात व्हता. त्यो सुटला असता तर मी कवाच वाहून गेलो असतो. ह्ये अर्धं त्याचं हाय."

दरबारात चुळबूळ झाली. मोहनराव त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "शहादेव, जागा एकच हाय. तमग्याचे अर्धे करता येत न्हाईत."

पण शहादेवच्या मनातून ते गेले नाही. घरी आल्या आल्या तो मला काढून म्हाळूच्या बंडीला लावायला गेला. म्हाळू झटकन मागे सरला. "नगं बे," तो म्हणाला. "नियम हाय. कुनी बघितलं तर तुझाबी जाईल." पुढे दर सणाला हाच खेळ. शहादेव पुढे, म्हाळू मागे आणि मधे माझा जीव टांगणीला.

शहादेवची बायको चंद्रभागाबाई मला चिंचेने घासायची. ते घासणे असे की अक्षरे राहतात की जातात असे व्हायचे. "लई काळा पडतोय ह्यो. कावून पडतो काय म्हाईत," असे ती दर वेळी म्हणायची. मला बोलता आले असते तर सांगितले असते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर नियमांची पलटणच होती. आज वाटते, तीच वर्षे माझी सुखाची होती, आणि मी ती भिण्यात घालवली.

मग एका पावसाळ्यात म्हाळू हिवतापाने अंथरुणाला खिळला. नदी चढली होती आणि पलीकडून कोणाची तरी हाक आली. शहादेवने दोर बाभळीच्या मुळीला बांधला आणि एकटाच पाण्यात गेला. मुळी उपटली. सांगड खालच्या अंगाला काट्यांत अडकलेली सापडली. शहादेव सापडला नाही. मी त्या वेळी घरातल्या कोनाड्यात होतो. आपण हरवू म्हणून मी सारा जन्म भीत आलो. धनी हरवेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

आमच्याकडे घरातले माणूस गेले की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे मूर्ती उठवलेला चांदीचा छोटा पत्रा. तो देव्हाऱ्यात देवांशेजारी ठेवून पुजायचा. वडीलधाऱ्यांनी सांगितले तशी चंद्रभागाबाई मला घेऊन आप्पा सोनाराकडे गेली.

"ह्याचा टाक करून द्या. ह्याच्यावर त्यांचं नाव हाय."

माझ्या कडेवर शहादेवचे नाव कोरलेले होते खरे. आप्पाने मला ऐरणीवर ठेवले, उलटे केले, पाठीवरची अक्षरे पाहिली आणि चटका बसल्यासारखे उचलून परत तिच्या हातात दिले. "ह्ये सरकारचं हाय, बाई. मोडलं तर तू बी अडकशील आन मी बी. तुझ्या पदराला जोडवी हायेत की. त्यांचा करू."

"जोडवी मोडायची न्हाईत," चंद्रभागाबाई म्हणाली. "नदीनं मानूस दावला न्हाई अजून."

लोकांनी तिच्या पायांतली जोडवी काढायला लावली होती. पण नवरा परत आला तर पुन्हा घालता यावीत म्हणून तिने ती पदराच्या गाठीत जपून ठेवली होती. आप्पाला ते ठाऊक होते. त्याने हातोडी बाजूला ठेवली.

मग मी होतो तसाच तिने मला देव्हाऱ्यात ठेवले, खंडोबा आणि भवानीच्या टाकांशेजारी. रोज पाणी, रोज हळदकुंकू. मी सोयम दर्जाचा, आणि देवांच्या ओळीत! मला ओशाळल्यासारखे व्हायचे. देव काही बोलत नव्हते, पण कधीतरी ते माझा दर्जा विचारतील अशी धाकधूक मला होतीच. आणि त्याहून मोठी धाकधूक होती परतीच्या नियमाची.

एका दुपारी मोहनराव स्वतःच आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि बराच वेळ पीकपाण्याचेच बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "चंद्रभागाबाई, तमगा कचेरीत द्यावा लागतो. दिवाळीपर्यंत आला न्हाई तर ही जागा माजलगावची ऱ्हात न्हाई, केजला जाईल. आणि आला तर साहेबांनी म्हाळूचं नाव वर धाडायचं कबूल केलंय. शहादेव भर दरबारात काय बोलला ते त्यांच्या ध्यानात हाय."

"देवातला टाक कुनी उठवून देतं का, मालक?"

मोहनरावांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले. ते उठून गेले.

मित्रांनो, तेव्हाची माझी अवस्था काय सांगू? इथेच राहिलो तर म्हाळूची जागा जाणार. आणि गेलो तर या बाईपाशी नवऱ्याचे नाव असलेली एकही वस्तू उरणार नाही. इकडे आड तिकडे विहीर. त्या दिवसांत मी इतका काळवंडलो की हळदसुद्धा माझ्यावर उठून दिसेना.

दिवाळी जवळ आली तसा म्हाळू आला. तापाने पार खंगला होता. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच बसला.

"वैनी, पेशकार येऊन गेले म्हनं. तमगा देऊ नगा. मला नगं त्यो."

"कावून?"

"त्या दिशी दोर माझ्या हातात न्हवता."

तो आपल्या तळहातांकडे पाहत होता. पहिल्या पुरातले दोराचे वण तिथे तसेच होते.

चंद्रभागाबाईने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग ती देव्हाऱ्याकडे आली. मला वाटले, फूल वाहायला आली. तिने मला उचलले, पदराने पुसले आणि दारात जाऊन म्हणाली, "भावजी, त्या दिशी मी त्यास्नी म्हनलं व्हतं, म्हाळूभावजींना उठवा. तर म्हनले, त्याच्या अंगात ताप हाय, निजू दे त्याला. आन गेले. तुमास्नी हाकच मारली न्हाई तर तुमी दोर कसा धरनार? उठा आता. कचेरी बंद व्हईल."

असा मी कचेरीत परत गेलो. पुढे म्हाळूच्या नावाची मंजुरी आली, पण सरकार नवा तमगा देणार नव्हते. जागा तीच, तमगा तोच. कडेवरचे जुने नाव पेशकारांसमोर घासून काढायचे आणि नवे कोरायचे, असा हुकूम होता. आप्पा सोनाराला कचेरीत बोलावले. चंद्रभागाबाई न बोलावता आली. म्हाळू दाराशी उभा राहिला.

आप्पाने मला चिमट्यात धरले आणि कानस काढली. माझ्या जन्माची सगळी भीती त्या एका घडीत गोळा झाली होती. आता शहादेव जाणार.

तेवढ्यात चंद्रभागाबाई पुढे झाली आणि तिने माझ्याखाली पदर धरला.

आप्पाचा हात थांबला. त्याने मोहनरावांकडे पाहिले. मीही मनातल्या मनात सगळे नियम भराभर म्हणून पाहिले. तमगा मोडायचा नाही, विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही. चुऱ्याबद्दल कुठेही काही लिहिलेले नव्हते. मोहनराव खिडकीकडे वळून उभे राहिले. "चालू दे तुझं, आप्पा," ते म्हणाले.

कानस चालू झाली. शहादेवचे नाव बारीक धूळ होऊन तिच्या पदरात पडले. सगळा मिळून चिमूटभर चुरा. तेवढ्यात टाक कसा होणार? मग तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली, जोडवी काढली आणि त्या चुऱ्यावर ठेवली.

"आता करा टाक," ती आप्पाला म्हणाली. "ते येत न्हाईत."

म्हाळू दारातच खाली बसला आणि ढसाढसा रडला. मलाही रडू आले असते, पण चांदीला ते जमत नाही.

माझ्या कडेवर म्हाळूचे नाव आले. तो मला वर्षातून एकदाच दरबारात लावायचा, मोहनरावांचीच दस्तार आणि बगलूस मागून. त्या दिवशी कचेरीतून निघाला की घरी जाण्याआधी तो चंद्रभागाबाईच्या देव्हाऱ्यापुढे येऊन उभा राहायचा. तिथे नवा टाक होता, लहानसा, पण चांगला उजळ.

पुढे ते राज्य गेले, दरबार गेले, आणि म्हातारा होऊन म्हाळूही गेला. आता मी त्याच्या नातवाच्या ट्रंकेत पडून आहे. धनी मेला की तमगा परत करायचा, हे मला अजून पाठ आहे. पण परत करायचा कोणाला? कधी ट्रंक उघडली की माझा ठोका चुकतो. वाटते, कोणीतरी अमानत मागायला आले. कोणी आलेले नसते. गोधडी काढून ट्रंक बंद करतात.

म्हणून ही अमानत मी तुमच्याकडेच सोपवतो, मित्रांनो. तुम्हाला कधी मान मिळाला, लहान किंवा मोठा, तर तुमचा दोर कोणी धरला होता ते तिथल्या तिथे, चारचौघांत सांगून टाका. आणि माझ्यासारखा जुना तमगा घरात सापडला तर त्याला चिंचेने घासा, पण कड जरा जपून. माझ्या कडेवर बोट फिरवलेत तर एक उथळ खळगा लागेल. त्यात म्हाळूचे नाव कोरलेले आहे. आणि तो खळगा शहादेवचा आहे.