उसनी परडी

उत्तरेश्वर सरांचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवूनही उमरग्यातल्या लोकांचा अंगारा-धुपारा काही सुटला नव्हता, म्हणून त्यांनी हे नाटक लिहिलं. एक बाई अंगात आल्याचं सोंग करते, लोक आजारी माणसं तिच्याकडे नेतात आणि शेवटी तिचं बिंग फुटतं, अशी गोष्ट. लोकांनी पोट धरून हसावं आणि घरी जाऊन विचार करावा, एवढीच सरांची अपेक्षा. पण रंगीत तालमीला जमलेली मंडळी हसायचं सोडून हात जोडत होती! त्या बाईचं काम करणारी शिवांजली घुमायला लागली की पुढच्या रांगेतल्या बाया पदर सावरून उठायच्या. काल तर एकीनं रंगमंचावर नारळ ठेवला.

"अहो, हे नाटक आहे, नाटक!" सर ओरडले. कुणी ऐकलं असेल तर शपथ.

चूक तशी सरांचीच. नाटक खरं वाटावं म्हणून त्यांनी लक्ष्मम्माची खरीखुरी परडी आणि कवड्यांची माळ उसनी आणली होती. लक्ष्मम्मा ही तुळजाभवानीची आराधीण, दर मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागणारी म्हातारी. माळ घालण्याआधी हात जोडायचे, या अटीवर तिनं वस्तू दिल्या आणि रोज स्वतः तालमीला येऊन बसू लागली. ही आपल्या नाटकाला लागलेली साडेसाती आहे, असं सरांना वाटायचं.

त्या दुपारी तालीम संपते न संपते तोच इरम्मा नावाची एक तरणी बाई लेकीला खांद्यावर टाकून थेट रंगमंचावर चढली. पोर जेमतेम तीन वर्षांची, मान टाकलेली. इरम्मानं तिला शिवांजलीच्या पायांवर घातलं.

"आई, चार दीस झालं, ताप उतरंना. उलट्या थांबंनात. तूच कायतरी बोल गं!"

शिवांजली एरवी दवाखान्यात नर्स. कपाळावर मळवट तसाच ठेवून तिनं पोरीची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि तिचा चेहरा उतरला. "सर, हिच्या अंगात पाणी राहिलं न्हाय. आत्ताच्या आत्ता सलाईन लावाय पायजे."

"ऐकलंस ना? ऊठ, दवाखान्यात चल!" सर इरम्मावर खेकसले. "चंद्रावर यान गेलं, आणि इथं ही अक्कल!"

इरम्मानं लेकीला उराशी घट्ट धरलं. "सासू म्हंती, आईचा हुकूम झाल्याबिगर सुई टोचायची न्हाय. कोप हुतो."

सरांनी समजावलं, दटावलं, कपाळावर हात मारून घेतला. बाई तसूभर हलेना. शेवटी ते शिवांजलीच्या कानाशी वाकले. "घुम. अंगात आल्यासारखं कर आणि सांग, दवाखान्यात ने. तुझं ऐकेल ती."

काय वेळ आली बघा! जन्मभर ज्या ढोंगावर तोंडसुख घेतलं, तेच ढोंग आज सर मागत होते. शिवांजलीनं माळेला हात घातला, तेवढ्यात लक्ष्मम्मा उठली. म्हातारीचे कान तिखट.

"थांब गं लेकी. सर, तुमी रोज म्हंता ढोंग वाईट. मग आज बरं कसं झालं?"

"पोरीचा जीव वाचेल, अम्मा!"

"आज वाचंल. उद्या हिला दुसरं कुनी घुमनारं भेटंल, त्ये म्हनंल दवाखाना नगं. मग? खोट्याला आईचं नाव द्यायचं न्हाय. माळ माजी हाय ती."

शिवांजलीनं माळ उतरवली आणि ओल्या रुमालानं मळवट पुसून काढला. "इरम्मा, बघा माझ्याकडं. मी देवी न्हाय, नर्स हाय."

इरम्मा बावरली. "मग आई काय म्हंती?"

लक्ष्मम्मानं परडी उचलून काखेला लावली. "आईनं माज्या कानात कवाच काय सांगितलं न्हाय, पोरी. पन माजा नातू म्या अंगाऱ्यावर ठिवला आन् त्यो गेला. तवापास्नं म्या जोगवा बी मागते आन् डाक्टरकडं बी जाते. कोप यायचा असंल तर माज्यावर यील. चल, म्या येते संगं."

इरम्मानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती उठली. सर रिक्षा आणायला धावले.

दिवस मावळायच्या सुमारास सलाईन लावलेल्या पोरीनं डोळे उघडून पाणी मागितलं. इरम्मा ढसाढसा रडली. बाहेरच्या बाकावर सर लक्ष्मम्माशेजारी येऊन बसले.

"अम्मा, हेच मी वीस वर्षं ओरडून सांगतोय. माझं का ऐकत नाहीत?"

"तुमी सांगता खरं, सर. पन कुनाच्या संगं चालता का कवा?"

सरांची मान खाली गेली. शिकवण्याच्या नावाखाली आपण आयुष्यभर नुसते खेकसत आलो, हे त्यांना त्या बाकावर कळलं!

पहिल्या प्रयोगाला नाटकाचा शेवट बदलला होता. बिंग फुटण्याचा प्रवेश गेला. त्याऐवजी ती बाई स्वतःच माळ उतरवते आणि आजारी पोराच्या आईचा हात धरून दवाखान्याची वाट धरते. कुणी हसलं नाही, कुणी नारळही ठेवला नाही.

तेव्हा मंडळी, श्रद्धा असो की शंका, खोट्याचा आधार दोघांनीही घेऊ नये. आणि घाबरलेल्या माणसाला अडाणी म्हणण्याआधी चार पावलं त्याच्या संगतीनं चालून बघावं. उसनी परडी सरांनी प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी परत केली. दोन्ही हातांनी, आणि लक्ष्मम्माच्या घरापर्यंत चालत जाऊन.