मेल्निकोवा नावाचं गाव

सुभाष रोडवरून आणलेला जगाचा नकाशा. रशियावर पेन्सिलीच्या अकरा खुणा.

चिमूटभर जोंधळ्याचं पीठ.

लग्ननोंदणीचा अर्ज. साक्षीदार तीन, सह्या दोन.

पितळी पाटी : ॲड. मुकुंदराव कलघटगीकर, धारवाड.

ओळीनं सांगायचं तर असं. मुलाचं, श्रीहर्षचं, दारिया मेल्निकोवा नावाच्या रशियन मुलीशी उद्या लग्न. तिसरी सही अप्पांचीच हवी, नाहीतर लग्न पुढं ढकलतो, म्हणाला. अप्पा म्हणजे मुकुंदराव सही करेनात. चौकशीशिवाय सोयरीक नाही. आणि चौकशी म्हणजे आडनावावरून गाव, गावातला एखादा वकील, त्याला पत्र. थोरल्या लेकीच्या, मधुवंतीच्या वेळी असंच केलं होतं.

म्हणून नकाशा. मेल्निकोवा कुठंच नाही.

"गाव लपवतात ती माणसं," ते बायकोला, विमलाबाईंना म्हणाले. "आणि बापाच्या कागदावर मेल्निकोव्ह, पोरीच्या मेल्निकोवा. हे काय?"

"अहो, बायकांचं तसंच लावतात तिकडं. श्रीहर्षनं चारदा सांगितलं."

"चारदा का सांगावं लागतं?"

दुपारी दारिया आली. दोन वर्षं श्रीहर्षकडून शिकलेलं मराठी जपून बोलत होती.

"गाव कुठलं तुझं?"

"सामारा, अप्पा."

"ते राहायचं. आडनावाचं? आम्ही कलघटगीकर, म्हणजे कलघटगीचे. तसं."

"आमच्या आडनावाला गाव नाही. मेल्निक म्हणजे गिरणीवाला. जुने लोक धान्य दळायचे. मेल्निकोवा म्हणजे त्या गिरणीवाल्याच्या घरातली बाई."

मुकुंदरावांच्या हातातली बशी कलली. चहा धोतरावर.

हुबळीत, दुर्गदबैलात, त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. श्रीहर्ष जन्मायच्या आधीच विकली. घरात हे विमलाबाईंखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

ते तडक स्वयंपाकघरात गेले. "तू सांगितलंस तिला?"

"मी? चाळीस वर्षं तोंड शिवून बसलेय."

"मग ती मला टोमणा कशी मारते?"

तेवढ्यात दारिया भाकरी बघायला मागोमाग आली, तिच्यामागं श्रीहर्ष. परातीतलं पीठ तिनं अंगठ्यानं बोटावर चोळलं. "जाड आहे. आजोबा असं बघायचे. गिरणी कधीच गेली होती, पण सवय राहिली."

मुकुंदरावांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. मग स्वतः चिमूट घेतली. अगदी तशीच चोळली.

"जाड नाही. एकसारखं नाही. गिरणीचा दगड झिजलाय, टाकी मारायला झालीय."

"अप्पा," दारातून श्रीहर्ष म्हणाला, "तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

विमलाबाईंनी तवा पुसायला घेतला.

"पढवून आणलीय हिला," मुकुंदराव पुटपुटले. पण पढवू शकेल असं माणूस एकच, आणि ते तवा पुसत होतं.

त्यांनी हात धुतले. चष्मा लावला. अर्ज पहिल्या शब्दापासून वाचला, मागची कोरी बाजूही पाहिली.

"सामारात एखादा वकील असेल ना?"

"माझी आई वकील आहे, अप्पा."

"पत्ता लिहून दे," म्हणाले, आणि सही केली.

कलघटगीत कलघटगीकरांचं घर कधीच नव्हतं. वकिलीची सनद घेईपर्यंत मुकुंदरावांचं आडनाव गिरणीवाले होतं.