बापूजींच्या कपाटातलं मीटर

सौंसरजवळच्या वस्तीत बापूजींचं काचेचं कपाट सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रह्मदेशाच्या लढाईत मिळालेले तीन बिल्ले त्यात ठेवलेले. दर चौदा एप्रिलला थोरला मुलगा तुळशीराम ते चिंचेनं घासायचा. तोही पलटणीतच होता, पण सतरा वर्षं कोठारात कांबळी आणि बूट वाटण्यातच गेली. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, धाकटा सुखदेव नौदलातून कायमचा घरी आला तेव्हा.

सुखदेव पाणबुडीवर होता. वस्तीतल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, मग काय! सकाळपासून अंगणात माणसं. बोट दुरुस्तीला रशियात गेली होती तेव्हाचं एक चित्राचं कार्ड तो दाखवी. त्यात एक जुनी पाणबुडी किनाऱ्यावर चौथऱ्यावर ठेवलेली होती.

"पाण्यातली बोट जमिनीवर?" बापूजींनी विचारलं.

"हो बापूजी. लढाई केलेली बोट आहे. आता लोक आत जाऊन पाहतात, फुलं ठेवतात."

बापूजींनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "त्याइनं आख्खी बोट जपली. आपल्याजवळ एवढं कपाट. माह्यानं आता होत नाही. बुद्धपौर्णिमेले किल्ली एकाच्या हातात देऊन टाकतो."

एकाच्या म्हणजे कोणाच्या, हे तुळशीरामला त्याच क्षणी कळलं, किंवा कळलंसं वाटलं. आणि दुसऱ्याच दिवशी बापूजींनी कपाटातला त्याचा वर्दीतला फोटो बाजूला सारून मधोमध सुखदेवचं मीटर ठेवलं. पितळी, ताटलीएवढं. बोट किती खोल गेली ते दाखवणारं. दुरुस्तीत निघालेलं हे जुनं मीटर सोबत्यांनी त्याला निरोपाच्या दिवशी दिलं होतं.

"घासाले तुम्ही, अन् मिरवाले भाऊजी," शांताबाई भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाली. तुळशीरामनं ताट बाजूला सारलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुखदेव पांढुर्ण्याला गेला. तुळशीरामनं मीटर उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि संत्र्याच्या बगीच्यातली विहीर गाठली. बादलीच्या दोराला बांधून ते पार तळाशी सोडलं. मीटर वर आलं तेव्हा काटा शून्यावरच! त्यानं पुन्हा सोडलं, वरूनच डोळे ताणून पाहिलं. काटा हलायचं नाव नाही. किती दिवसांनी त्याला गार वाटलं.

पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटली गेली. अंगणात माणसं बसलेली असतानाच तुळशीरामनं मीटर पुढे ठेवलं.

"बापूजी, पंधरा फूट पाण्यात सोडलं. काटा हलला नाही. भंगार उचलून आणून राहिले लोक, अन् आपण पूजून राहिलो!"

सुखदेवनं मीटर हातात घेतलं. काचेच्या आत पाण्याचे थेंब जमले होते. त्यानं ते अंगठ्यानं पुसून पाहिले. ते आतून होते, पुसले जाईनात. त्यानं एकदा भावाकडे पाहिलं.

"दादा, यातली ही बारकी रेघ दहा मीटरची," तो म्हणाला. "आपली विहीर त्याले दिसतच नाही."

"विहिरीचीच इज्जत गेली बे!" शेजारचा चिंधू ओरडला आणि अंगण हसलं.

बापूजी हसले नाहीत. "यात पाणी गेलं. कोणी सांगितलं होतं बुडवाले?"

तुळशीराम टॉवेलची घडी घालू लागला.

"मीच," सुखदेव म्हणाला. "मीच म्हटलं होतं दादाले, बुडवून पाहा म्हणून."

बापूजींनी कमरेची किल्ली सोडली आणि सुखदेवपुढे धरली. त्यानं हात मागे घेतला.

"दादाले द्या. इतके वर्षं बिल्ले त्यानंच सांभाळले. मले कायले पाह्यजे?"

किल्ली तुळशीरामच्या तळहातावर आली. हवी तीच, सगळ्यांच्या देखत. मले कायले पाह्यजे! इतकं सहज त्याला स्वतःला आयुष्यात काहीच सोडता आलं नव्हतं. पाणबुडी सुखदेवची, समुद्र त्याचा, आणि आता हा मोठेपणाही त्याचाच. खोटं बोलून वाचवणाऱ्यावर रागावायचं तरी कसं?

"मीटर मधातच ठेव," बापूजी म्हणाले. "पाणी गेलं तर गेलं."

तुळशीरामनं कपाट उघडलं. मीटर मधोमध ठेवलं, सरळ केलं. मग अंगणाकडे पाठ करून, कोणी पाहत नाही असं वाटून, ते बिल्ल्यांपेक्षा बोटभर मागे सरकवलं.