गारोव फाटकाशी थांबतो

सणाला फाटक लावायचं नसतं. घराण्याच्या संताचा दिवस. आमंत्रण कुणालाच नसतं, आणि येणाऱ्याला फाटक बंद दिसता कामा नये. देसांकाच्या सासरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. यंदा मात्र ते उघडं फाटक तिला नकोसं झालं होतं.

कारण गारोव. कुत्र्याचं सात महिन्यांचं काळं पिल्लू. नवरा गेल्यापासून घरात पायांत घुटमळणारं तेवढंच होतं. दोनदा ते समोरच्या वितोमिरच्या कोंबड्यांत घुसलं आणि दोन्ही वेळा एकेक कोंबडी मेली. वितोमिर भांडला नाही. तिसऱ्यांदा माझ्या अंगणात दिसला तर गोळी घालीन, एवढंच म्हणाला. आणि तो बोलला की करणारा माणूस.

तेव्हापासून सहा आठवडे देसांका त्याला रोज दोनदा कुंपणाच्या कडेकडेने फिरवत होती. फाटकाबाहेर चरबीचा तुकडा टाकायचा. पाय बाहेर पडला की मुकाट्याने आत वळवायचं. थांबला की हातातला तुकडा त्याचा. शिकला म्हणावं, तर परवाच मांजरामागे अर्धा बाहेर गेला होता. म्हणून आज तिने त्याला खोपटामागे बांधलं होतं.

दुपारी कोबीच्या पानांतल्या खिम्याचं पातेलं घेऊन ती अंगणात आली, तर खोपटाशी नुसता दोर. आलुबुखाऱ्याच्या दारूचा तिसरा पेला रिचवत दीर रादोश म्हणाला, की सणाच्या दिवशी मुक्या जिवाला कसलं बांधायचं, मीच सोडलं. अक्कल गहाण टाकलेला माणूस! पण पाहुण्याला बोलायचं कसं?

तेवढ्यात रस्त्यापलीकडे बंदूक वाजली.

पातेलं तिथेच टाकून देसांका धावली. वितोमिर अंगणात बंदूक घेऊन उभा होता, कोंबड्या सैरावैरा पळत होत्या.

"कुठंय तो? मारलात ना?"

"ससाण्यावर झाडली, वहिनी. तीही चुकली." त्याने हनुवटीने मागे दाखवलं. "तुमचा तो बघा तिकडे."

तिने वळून पाहिलं. गारोव तिच्याच फाटकात उभा होता, चारही पाय आत, थरथरत, तिच्याकडे बघून कुंई कुंई करत.

"बोलवा की," वितोमिर म्हणाला. बंदूक अजून हातातच होती. "बघू, येतो का."

नाव तिच्या ओठांवर आलं होतं. हाक मारली असती तर तो आला असता, मधल्या कोंबड्यांतून, सरळ.

"नको," ती म्हणाली. "मीच जाते."

धावलं तर तो झेपावेल, म्हणून ती चालत गेली. एवढासा रस्ता, पण संपेना. प्रत्येक पावलाला ती मनात म्हणत होती, थांब रे बाळा, थांब. फाटकाच्या आत पाऊल पडलं. सणाच्या परकरानिशी ती चिखलात बसली, त्याला कवटाळून हमसाहमशी रडली.

कुत्रा शाबूत आहे ना, मग रडतेस कशाला, असं म्हणत रादोश त्याला थोपटायला वाकला.

"हात लावू नकोस त्याला," देसांका म्हणाली.