खालचा सूर

बारकी दुसऱ्यांदा नापास झाली. वीसपैकी तीन गुण मिळाले होते, आणि त्यातला एक नीटनेटक्या अक्षराबद्दल होता.

परीक्षा तशी साधी. बाई पियानोवर चार सूर एकदम वाजवणार, असं आठ वेळा, आणि दर वेळी सगळ्यात खालचा सूर कोणता ते मुलांनी लिहायचं. बारकी वरचा सूर झोपेतही ओळखायची. त्याखालचे तीन म्हणजे तिच्या लेखी नुसता गलका. "वरचा मजला बघून घर घेतेस तू," बाई म्हणाल्या. "पाया आहे की नाही ते विचारतच नाहीस." तिसरी आणि शेवटची संधी महिन्याभराने होती. त्यातही बुडाली तर तिचा संगीताचा वर्ग बंद. बावीस वर्षांच्या बारकीला गाण्याशिवाय दुसरं काहीही येत नव्हतं, त्यामुळे पुढचा विचार करायला फार वेळ लागला नाही.

तिने पियानोला कान लावून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं, उपाशी ऐकलं, जेवून ऐकलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी ती आत्याला मदत करायला जायची. आत्या एका हॉटेलच्या लाँड्रीत होती. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकींकडे यायचं आणि आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची. अशा दीडशे चादरी. मागे सहा मशिनं घुमत असायची. बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून कुणी बोलत नसे. बारकी तेवढ्यात धड्यातली चाल मोठ्याने गाऊन घ्यायची.

त्या शनिवारी साठाव्या चादरीला वीज गेली. मशिनं एकदम गप्प झाली. बारकीची चाल चालूच राहिली, आणि चादरीच्या पलीकडून आणखी एक आवाज चालू होता. क्षणभरच. मग आत्याने तोंड मिटलं.

"तू गात होतीस?"

"नाही."

"आत्या."

"मशीन चालू असलं की कुणाला ऐकू जात नाही," आत्या म्हणाली. "चुकीचंच असतं ते. घडी घाल."

चुकीचं नव्हतं. आत्याचा आवाज बारकीच्या चालीच्या दोन पायऱ्या खाली राहून तिच्या पावलाला पाऊल लावून चालला होता. बाई दोन वर्षं ज्याच्यासाठी घसा फोडत होत्या, ते हेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"परत गा ना."

"नको गं. मी कानाला खडा लावलाय."

कधी, ते विचारायची गरज नव्हती. बारकी आठ वर्षांची असताना घरी पाहुणे आले होते आणि तिला गायला बसवलं होतं. आत्याने मागून सूर धरला. बारकी मध्येच थांबून म्हणाली, "आत्या, तू गाऊ नकोस. तू माझं गाणं बिघडवतेस." लहान तोंडी मोठा घास, पण सगळे हसले, पोरीचं कौतुकही झालं. त्यानंतर आत्या घरात कधी गायली नाही. हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बारकीला आज त्याची लाज वाटली, चौदा वर्षं उशिरा.

लाज वाटली तरी सांगायचा धीर झाला नाही. "परीक्षेसाठी हवंय," एवढंच ती म्हणाली.

"चुका ओळखायला शिकवतात का तिथे?"

"हो," बारकी म्हणाली. हे सोपं होतं.

मग तीन शनिवार, मशिनं थांबली की, आत्या तिच्यासाठी मन लावून चुकत राहिली. बारकी वरून गाई आणि खाली कान ठेवी. पहिल्या शनिवारी आत्याचा सूर हातातून सुटत राहिला, दुसऱ्या शनिवारी सापडायला लागला, आणि तिसऱ्या शनिवारी बारकीला आपलाच आवाज जरा जास्त वाटू लागला.

परीक्षेत आठपैकी सात बरोबर आले.

"कुणाकडे शिकलीस?" बाईंनी विचारलं.

"लाँड्रीत."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि गुण मांडले.

बारकी तिथून थेट लाँड्रीत गेली. आत्या एकटीच चादरींचा ढीग लावत होती. बारकीने पास झाल्याचं आधी सांगितलं, कारण ते सांगायला सोपं होतं. मग मशिनांच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "आत्या, तू चुकत नव्हतीस. तेव्हाही नव्हतीस. मलाच ऐकू येत नव्हतं."

आत्याने हातातल्या चादरीची कड सरळ केली.

"मला वाटायचं, बरोबर लागतंय म्हणून," ती म्हणाली. "पण पाहुणे तुझं ऐकायला आले होते."

"पाहुणे त्याच दिवशी गेले ना गं."

"हो," आत्या म्हणाली. "पण नंतर कुणी गा म्हणालंच नाही."