जनाना बाल्कनीचा पडदा

मित्रांनो, सिनेमाचा पडदा म्हटलं की तुम्हाला तो समोरचा, पांढराफटक, सगळ्यांच्या कौतुकाचा पडदा आठवतो. मी तो नव्हे. मी टॉकीजच्या बाल्कनीत मधोमध टांगलेला एक जुना, जाडजूड, कत्थई म्हणजे काताच्या रंगाचा पडदा आहे. माझ्याकडे बघायला कुणी कधी तिकीट काढलं नाही. उलट पलीकडचं काही दिसू नये म्हणूनच मला टांगलं होतं. पण ऐकू मात्र यायचं बरं का, दोन्हीकडचं! समोरच्या त्या पांढऱ्यावर नुसती चित्रं पडायची. त्या चित्रांवरची भांडणं सगळी माझ्यापाशी व्हायची.

माझं कापड ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात, गिरणीत विणलं गेलं. नया बाजारातल्या एका शिंप्याने मला शिवून वर पितळी कड्या लावल्या आणि पडाव नावाच्या वस्तीजवळच्या टॉकीजात मला चढवलं. तेव्हा संस्थान होतं. दक्षिणेतून इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांच्या बायका टांग्याला चादर लावून सिनेमाला यायच्या, बाजूच्या जिन्याने वर चढायच्या आणि माझ्या डाव्या अंगाला बसायच्या. उजव्या अंगाला पुरुष. सुरुवातीला काय थाट होता माझा! मालक आल्यागेल्याला सांगायचे, "परदा देखो साहब, ऐसा परदा इंदौर में भी नहीं." दर दिवाळीला मला उतरवून झटकायचे, गच्चीवर उन्हात घालायचे. मी अगदी फुगून जायचो.

माझ्या उजव्या हाताला, अगदी मला खेटून, दर रविवारी दुपारी महिपतराव बसायचे. ग्वाल्हेरच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, त्यांची उमेदीची सारी वर्षं गेली होती. घरच्या बायकांना टांग्यातून आणायचं, त्यांना जनान्यात पोचवायचं आणि पडद्याला लागून पहाऱ्यावर बसल्यासारखं बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. मग संस्थानं विलीन झाली, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं आणि थोड्याच दिवसांत त्यांचा रिसाला मोडला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, नोकरी गेली तर पेन्शन मिळालं असेल. मिळालं ना! पण सकाळी उठून जिला खरारा करायचा ती घोडी गेली, ज्यांच्याशी बोलायचं ते सोबती आपापल्या गावी गेले. महिपतराव घरी गप्प बसून राहू लागले. पाणी हवं की नको, एवढंसुद्धा मान हलवून सांगायचे.

हे मला कसं कळलं? त्यांची बहीण मंदाताई जनान्यात बसायची ना! मंदाताई म्हणजे चालतं-बोलतं वर्तमानपत्र. आणि मंदाताईच्या शेजारी, माझ्या डाव्या अंगाला खेटून, बसायची महिपतरावांची सून सुमन. त्या घरात सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, अशी रीत. पदर नाकापर्यंत ओढून ताट वाढायचं आणि माजघरात निघून जायचं. काही विचारायचं झालं तर मंदाताईच्या मार्फत. लग्न होऊन किती तरी दिवाळ्या झाल्या, पण सासऱ्याने सुनेचा आवाज असा ऐकलाच नव्हता.

आणि एका रविवारी काय झालं, ऐका. नवा तलवारबाजीचा सिनेमा लागला होता. नायक घोड्यावर बसून गाणं म्हणत डोंगर उतरत होता. महिपतराव आपल्याशीच पुटपुटले, "लगाम ढिला सोडून गातोय लेकाचा! असा बसतात घोड्यावर?"

इतक्यात डावीकडून हळूच आवाज आला, "गाऊ द्या की. घोडा बिचारा नीट चाललाय. गाणारालाच काही येत नाही."

सुमनच्या तोंडून ते निसटलं आणि तिने पटकन तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण महिपतराव हसले. रिसाला मोडल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसले. म्हणाले, "वा बाई! बिलकुल खरी बात केलीत." परक्या घरची बाई समजून बोलले ते. नाव-गाव विचारायचा प्रश्नच नव्हता, परस्त्रीला असलं काही विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मंदाताई मात्र पदराचा बोळा तोंडात कोंबून गदागदा हलत होती.

मग दर रविवारी माझ्यातून मतांची देवाणघेवाण सुरू झाली. महिपतराव जुन्याचे. त्यांना आवडायचे ते मुके देमार सिनेमे. "त्यात माणूस पडला की धूळ उडायची. गुडघे फुटायचे त्यांचे, खोटं नाही सांगत. आताचे बघा, दहा जणांना लोळवलं तरी भांग विसकटत नाही!" जादूच्या सिनेमावरही त्यांची श्रद्धा. उडत्या सतरंजीची दोरी दिसली तरी चालेल, म्हणायचे, पण ती उडवणाऱ्यांनी जीव ओतलेला दिसला पाहिजे. भुताचे सिनेमे त्यांना पोरकट वाटायचे. सगळी भुतं एकाच वाड्यात, एकाच दिव्यापाशी कशी येतात, हा त्यांचा कायमचा सवाल.

सुमनचं तसं नव्हतं. तिने मुके सिनेमे लहानपणी मेळ्यातल्या तंबूत पाहिले होते. ती म्हणायची, "मला नाही आवडत ते. राजकन्या खिडकीत उभी राहून नुसते ओठ हलवायची. ती काय म्हणाली, ते मागाहून पाटीवर दुसरंच कुणी तरी लिहायचं. नव्या सिनेमातली रडकी असेल, पण तिचं तिला बोलता तरी येतं." महिपतराव खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, "ये बात तो मी कधी सोचलीच नव्हती." आणि भुतांबद्दल तिचं म्हणणं असं की भूत दिसलं की मजा गेली. बोलपटात पावलं नुसती वाजतात, दार नुसतं करकरतं, तीच खरी भीती. त्यानंतरच्या रविवारी असाच सिनेमा लागला. दार करकरलं आणि महिपतरावांनी माझा काठ मुठीत आवळून धरला. रिसाल्यातला जवान! मी कुणाला सांगितलं नाही.

एकदा सिनेमात एका सरदाराने आपला घोडा दुसऱ्याच्या हवाली केला. त्यावर महिपतराव स्वतःहून बोलले. त्यांनी त्यांची घोडी सरकारात जमा केली, त्या दिवसाची गोष्ट. घोडी मागे वळून बघत होती, एवढंच सांगितलं त्यांनी. डावीकडे सुमन रडत होती. मी मध्ये होतो आणि मला दोघांचेही श्वास ऐकू येत होते. आयुष्यात माझा एवढा उपयोग कधी झाला नसेल. मला गर्व झाला, का लपवू? मला वाटलं, मी आहे म्हणून ही दोघं बोलतात.

घरची गंमत मंदाताई जनान्यात येऊन सांगायची. "अगं सुमन, काल जेवताना दादा म्हणतात कसे, 'जनान्यात एक बाई येते, मोठी समजदार आहे. कुणाची कोण जाणे, पण त्या घराचं नशीब!' आणि तू मागे भाकरी घेऊन उभी!" दोघी हसायच्या. मंदाताई म्हणायची, सांगून टाक एकदा. सुमन म्हणायची, "नको आत्याबाई. कळलं तर संकोचतील आणि हेही बोलणं बंद होईल. घरी तर गप्पच असतात. एवढं एकच सुख आहे त्यांना, ते मी कसं हिसकू?" तिचंही खरंच होतं.

पुढे राज्यांची पुन्हा जुळवाजुळव झाली. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला जायची ठरली. महिपतरावांचा मुलगा सूर्याजी इथल्या सरकारी कचेरीत होता. कचेरी चालली भोपाळला, म्हणून सूर्याजी चालला, सुमन चालली, मंदाताईही चालली. महिपतराव मात्र हटून बसले. "मी ग्वाल्हेर सोडणार नाही," म्हणाले. का, ते घरात कुणाला सांगेनात. सूर्याजी विनवण्या करून थकला.

ते कारण त्यांनी माझ्यापाशी सांगितलं. म्हणजे पलीकडच्या बाईला सांगितलं. "पोरगं भोपाळला चल म्हणतं. पण तिथे माझ्याशी बोलणारं कोण आहे, बाई? इथे रविवारी तुम्ही तरी असता."

सुमनने मंदाताईचा हात गच्च धरला. मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? ज्या आवाजासाठी तो म्हातारा एकटा मागे राहणार होता, तो आवाजच गाडीत बसून भोपाळला चालला होता. रिकाम्या जनान्याशेजारी बसून हा माणूस वाट बघत राहणार. मला ओरडावंसं वाटलं, पण पडद्याला कुठला आवाज?

आणि त्यातच माझी वेळ भरली. जनान्यात आता बायका थोड्याच यायच्या. नव्या घरांतली जोडपी खाली एकत्रच बसायची. मालकांनी हिशेब केला की मला काढलं तर आणखी खुर्च्या बसतील. म्हणाले, "उतार दो. ज़माना बदल गया." माझ्या कड्या सोडल्या, माझी घडी घातली आणि मला बाल्कनीच्या कठड्यावर टाकून दिलं. एरवी मी धाय मोकलून रडलो असतो. पण माझा जीव त्या दोघांत अडकला होता. दुसऱ्याच दिवशी रविवार होता, सुमनचा ग्वाल्हेरचा शेवटचा रविवार.

मंदाताई आधी आली. "अगं बाई! पडदा कुठे गेला गं?" सुमनने झटकन पदर पुढे ओढला आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत अंग चोरून बसली. महिपतराव आले. आपल्या खुर्चीशेजारी सून बसलेली बघून थबकले आणि अदब राखून एक खुर्ची सोडून बसले. मग इकडेतिकडे बघू लागले. बहिणीला म्हणाले, "मंदा, ती बाई आली नाही वाटतं आज. बरोबर आहे. पडदा काढल्यावर भल्या घरची बाई येणार कशी!"

खेळ सुरू झाला. तलवारी खणखणल्या, घोडे दौडले, एक सेनापती फितूर झाल्यासारखा दिसू लागला. महिपतराव एक शब्द बोलले नाहीत. सुमनही नाही. मी कठड्यावर पडल्या पडल्या म्हणत होतो, बोल गं पोरी, बोल.

मध्यंतर झालं. दिवे लागले. महिपतराव उठले. "मंदा, तुम्ही बघून या. मी खाली टांग्यापाशी थांबतो. मजा नाही राहिली." आणि ते जिन्याकडे वळले.

सुमन उठून उभी राहिली. एवढ्या उजेडात, एवढ्या माणसांत. आणि तिने हाक मारली. "मामंजी, जाऊ नका. तो सेनापती फितूर नाही. शेवटी नायकासाठी किल्ल्याचं दार तोच उघडणार, बघाच तुम्ही."

महिपतराव होते तिथे थांबले. शेंगदाणेवाला मध्ये आला, त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं. हळूच वळून म्हणाले, "पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल, सूनबाई."

सुमनने पदर मागे सारला. म्हणाली, "भोपाळला तुमच्याशी बोलणारं कोण, विचारलं होतं ना तुम्ही? मी आहे. तुम्ही चला, मामंजी."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ते परत आले आणि या वेळी मधली खुर्ची न सोडता तिच्या शेजारीच बसले. "एवढी वर्षं माझ्याच घरात होतीस," म्हणाले, "आणि मी तुझी चौकशी इथे करत बसलो." मंदाताई म्हणाली, "दादा, आता पुरे, लोक बघताहेत. मला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं!" त्यावर ते गरजले, "मग तुला तोंड कशाला दिलंय देवाने?"

दिवे गेले. उरलेला सिनेमा त्या दोघांनी इतक्या मोठ्याने वाद घालत पाहिला की पुढच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, "अरे भाई, हमें भी सुनने दो!" सेनापतीने दार उघडलं तेव्हा सुमनने जिंकल्यासारखी टाळी वाजवली. जिना उतरताना महिपतरावांचा आवाज मला शेवटचा ऐकू आला. विचारत होते, "भोपाळला टॉकीज किती आहेत गं?"

पुढे माझे तुकडे झाले. एकाने पेट्या झाकल्या, एकाने फरशी पुसली. जो तुकडा तुमच्याशी बोलतोय, तो माळ्यावर पडून आहे. उंदरांनी काठ खाल्लेत, कत्थई रंगाची माती झाली आहे. आधी वाईट वाटायचं. मी नसताना ती दोघं बोलली, माझ्यासमोर बोलली, माझ्यावाचून बोलली! पण खरं सांगू? उभ्या जन्मात तेवढा आनंद मला दुसऱ्या कशानेच झाला नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. मला नाही जपलंत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी गप्प बसत असेल, तर आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि काही तरी बोला. काय बोलावं ते सुचत नसेल, तर सिनेमाचं बोला.